हसता हसता चुकलेली गाठ

दिवाळी अंक घरात आला की ‘आधी मी’ म्हणून जी गोड भांडणे होतात, तसलाच कौटुंबिक सोहळा विलायतेत नाताळच्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर रंगतो. भरपेट जेवण झालेले, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एका खोलीत दाटीवाटीने बसलेले आणि आवडत्या विनोदी मालिकेचा खास नाताळचा भाग लागलेला! अशा वेळी लेखकाने काय करावे? पोटभर हसवावे, शेवट गोड करावा आणि मंडळींना सुखाने झोपू द्यावे. पण २५ डिसेंबर १९८८ रोजी बीबीसीने दाखवलेल्या ‘डेट्स’ या भागाने लोकांना हसवले खरे. निरोप देताना मात्र घशात आवंढा आणला.

मालिकेचे नाव ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’. ‘राबतात ते फक्त मूर्ख आणि घोडे’ अशा अर्थाच्या एका म्हणीचा हा तुकडा. १९८१ साली ती सुरू झाली. लेखक जॉन सलिव्हन हा लंडनमधल्या एका नळकारागिराचा मुलगा. गरिबांच्या वस्तीतली बोली आणि तिच्यातली मिजास त्याला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. त्याचा नायक डेल ट्रॉटर दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागात राहतो. बहुमजली सरकारी इमारतीत बिऱ्हाड, दाराशी तीन चाकांची पिवळी गाडी, हातात भलत्यासलत्या मालाची सुटकेस आणि तोंडी एकच जप: पुढच्या वर्षी आपण लक्षाधीश! आई लवकर गेली, बापाने पाठ फिरवली. धाकट्या रॉडनीला डेलनेच वाढवले. त्या भानगडीत स्वतःचा संसार मांडायचा तेवढा राहून गेला. डेव्हिड जेसन या नटाने हा बढाईखोर, प्रेमळ माणूस असा काही उभा केला, की त्याच्या लबाडीचा रागच येऊ नये!

तर हा डेल संगणकाने जोडीदार जुळवून देणाऱ्या संस्थेत नाव नोंदवतो. खरे नाव सांगेल तर तो डेल कसला! ‘डेरेक ड्युव्हाल’ असे भारदस्त नाव घेऊन बड्या उद्योजकाचा आव आणतो. जुळते ती रॅकेल, टेसा पीक-जोन्स या अभिनेत्रीने साकारलेली. वॉटर्लू स्थानकावरच्या घड्याळाखाली दोघे भेटतात आणि हिल्टनसारख्या ऐपतीबाहेरच्या हॉटेलात जेवतात. वय सरत चाललेली, नाटकात नाव काढायचे स्वप्न अजून उराशी धरलेली ही बाई त्याला मनापासून आवडते, आणि तो तिला. तिने मात्र एक गोष्ट पोटात ठेवलेली असते.

इंग्लंडात त्या काळी एक चमत्कारिक थट्टा चाले. वाढदिवसाच्या मेजवानीला पैसे देऊन एखादी बाई बोलवायची. तिने पोलिसाच्या वेषात यावे, दमदाटी करावी आणि मग चारचौघांत एकेक वस्त्र उतरवावे. डेलच्या अल्बर्टकाकांचा वाढदिवस नेहमीच्या गुत्त्यात साजरा होत असतो. पोलीसबाई येते, हशा उसळतो, आणि त्याच क्षणी डेल तिला ओळखतो. ती रॅकेल असते!

मी मराठी शिकवणारा मास्तर. हास्याचा उगम शृंगारात आहे हे भरतमुनींचे मत वर्गात कितीदा तरी सांगितले. पण तेच हास्य उलटून शृंगाराचा गळा कसा धरते, ते मला या प्रसंगात दिसले. डेल संतापतो. जन्मभर खोटा माल खरा म्हणून विकणारा, नावसुद्धा खोटे सांगून आलेला हा गृहस्थ तिला मात्र खरेपणाच्या तराजूत तोलतो! त्याची बतावणी ऐटीसाठी होती. तिचे मौन पोटासाठी. मृच्छकटिकातल्या चारुदत्ताला वसंतसेना गणिका असल्याचे ठाऊक होते, तरी त्याचे प्रेम उणावले नाही. डेलला तेवढे मन मोठे करायला चार दिवस लागतात. आणि खरे सांगायचे तर, आपल्यापैकी किती जणांना तेवढ्यात जमले असते?

इकडे रॅकेल नाटकमंडळींबरोबर परदेशी दौऱ्यावर निघालेली असते. डेलने थांब म्हटले तर ती थांबणार असते. अखेर तो निघतो. तोच समोर पोलीस उभे, आणि त्यांत एक बाई! डेलला वाटते, मित्रांनी पुन्हा तीच थट्टा केली. तो हसत हसत तिच्या गणवेशाला हात घालतो. आणि ती पोलीसबाई खरी निघते! डेलची रवानगी कोठडीत होते. तो आला नाही याचा रॅकेल जो अर्थ घ्यायचा तो घेते आणि निघून जाते.

एकाच गणवेशाने दोनदा घात केला. पहिल्यांदा त्यामागे प्रेमाची बाई होती, तेव्हा त्याला फक्त वेष दिसला. दुसऱ्यांदा वेष नव्हताच, तर त्याला थट्टा दिसली. प्रेक्षक हसतात, पण हसू ओठांवरच थिजते.

सलिव्हनने या दोघांना कायमचे ताटातुटीत ठेवले नाही. १९८९ च्या नाताळात मार्गेटच्या समुद्रकिनारी त्यांची पुन्हा गाठ पडली. १९९१ साली त्यांच्या घरात पाळणा हलला. १९९६ च्या डिसेंबरात ट्रॉटर बंधू खरोखरच लक्षाधीश झाले, तेव्हा तो भाग २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. सलिव्हन २०११ साली गेला.

मला मात्र तो लक्षाधीश डेल तितकासा आठवत नाही. आठवतो तो वॉटर्लूच्या घड्याळाखाली उभा असलेला, खोटे नाव घेऊन खरे माणूस शोधणारा डेल. आपली गरिबी झाकताना दुसऱ्याची उघडी पडली, तर नजर कुठे वळवावी, एवढे त्याला वेळेवर कळले असते तर!