झाडाखालची बाग

"आंब्याखाली दुसरं काही जगत नाही," असे आमच्या मोहन्यात सर्रास म्हटले जाते. मीही ते खरे मानीत होते. बारावीची परीक्षा संपली आणि मी मोठ्या हौसेने चाळीमागच्या जुन्या आंब्याखाली गुलाब, मोगरा व झेंडू लावले. झेंडू फिकट, उंच वाढून कोलमडला. मोगऱ्याला कळी धरली नाही. गुलाब दिवाळीआधीच वाळला. शेजाऱ्यांनी एकमुखाने निकाल दिला : आंबा तोडा!

पण दोष आंब्याचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. हे तिन्ही उन्हाचे भुकेले. शिवाय मोठ्या झाडाखाली नुसते ऊनच कमी पडते असे नाही, पाणीही कमी पडते. हलकी सर पानांवरच अडते आणि जमिनीत जे मुरते ते झाडाची वरच्या थरातली बारीक मुळे शोषून घेतात. तेव्हा थोड्या उजेडावर आणि थोड्या पाण्यावर भागवणारी झाडे शोधायला हवीत.

सावली सावलीतही फरक असतो. आंबा, फणस यांची सावली बारमाही व दाट. गुलमोहर, शिरीष यांची पाने बारीक, त्यामुळे खाली कवडसे पडतात. म्हणून आधी एक दिवस बसून ऊन कोठे, किती वेळ येते ते पाहावे आणि मगच रोपवाटिकेत जावे.

माझी आजी मुरबाडकडची. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. ती म्हणाली, "रानात गुलाब कोण लावतं गं? तिथं सावलीत काय उगवतं ते बघ." रानात पहिल्या पावसाबरोबर शेवळं वर येतात, जी आपण काकडं घालून शिजवतो. मागोमाग रानहळद आणि सुरण. ही सारी कंदांची मंडळी. चार महिने पावसावर वाढायचे आणि कोरड्या दिवसांत जमिनीखाली निजायचे, हा त्यांचा नेम. उन्हाळ्यात त्यांना पाणी मागावेच लागत नाही! कोकणातल्या वाड्यांतही माडापोफळीच्या सावलीत मिरीचे वेल आणि हळद असतेच.

त्यावरून आम्ही निवड केली. आंब्याच्या घेराच्या कडेला, जेथे थोडे ऊन येते तेथे, हळद, आंबेहळद आणि आले. अबोलीही तेथेच; उन्हातल्याइतकी नव्हे, पण फुलते. मोरीचे पाणी जाते तेथे अळू आणि सोनटक्का, कारण दोघांनाही ओल हवी. कुंपणाला अडुळसा. बुंध्याजवळ मुळांची दाटी असल्याने तेथे खणलेच नाही. नेचे आणि मनीप्लांट कुंड्यांत ठेवले.

लावताना काही पथ्ये पाळावीत. खड्डे लहान, खुरप्याने घ्यावेत. जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डा सरकवावा. मी आरंभी बुंध्याभोवती वीतभर माती चढवली होती, ती आजीने काढायला लावली. मुळांना हवा लागते आणि मातीत गाडलेली साल कुजते. त्याच कारणाने बुंध्याला लागून सिमेंटचा पार बांधू नये. गळलेली पाने जाळू नयेत. ती तशीच पसरली की ओल टिकते आणि पुढे खत होते.

शहरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे खरे. पण आमचा आंबा कायद्याने वाचला नाही. गेल्या श्रावणात आईने घरच्या हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवल्या. वास चाळभर गेला. दुसऱ्या दिवशी, आंबा तोडा म्हणणाऱ्या काकूच पाने मागायला आल्या. आता त्यांच्याही दारामागच्या जांभळाखाली हळद आहे.

पुस्तकांतून शिकणारी घरातली पहिली मुलगी म्हणून मला थोडा अभिमान होता. आजीपाशी बसल्यावर तो जरा सावलीत गेला, आणि बरे झाले.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला