डबीवरची हिरवी पाने आणि आतले क्रीम

घरात मुलीच्या रिश्त्याची बोलणी सुरू झाली की अनेक ठिकाणी रंग उजळवणाऱ्या क्रीमची डबी येते. डबीवर हिरवी पाने छापलेली असतात, ‘शंभर टक्के हर्बल’ असे लिहिलेले असते आणि तेवढ्यावर विश्वास बसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्याला झाडपाल्याचा भरवसा जरा जास्तच. पण झाडापासून क्रीमपर्यंतची वाट लांब आहे.

मोहाचेच उदाहरण घेऊ. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचली जातात, पावसाळ्याच्या तोंडावर फळे पिकतात. त्यांच्या बिया म्हणजे टोळी. टोळीचे तेल थंडीत तुपासारखे थिजते आणि कोरड्या कातडीला मऊपणा देते. 2006 च्या वन हक्क कायद्याने अशा वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. टोळी नुसती विकण्याऐवजी तिच्यापासून चांगले क्रीम झाले, तर गावाच्या हाती दोन पैसे जास्त येतील. मात्र ते क्रीम तपासलेले हवे.

पाने किंवा साल सावलीत वाळवून भुकटी करतात. ती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात आणि अल्कोहोल उडवून लावतात. मग तेल आणि पाणी वेगवेगळे गरम करून, दोन्ही एकजीव ठेवणारा पदार्थ घालून घोटतात. क्रीममध्ये लागणारे स्टिअरिक आम्ल पाम तेलापासून मिळते, तसे जनावरांच्या चरबीपासूनही मिळते. हलालची काळजी घेणाऱ्या घराने हा प्रश्न उत्पादकाला जरूर विचारावा.

खरी कसोटी पुढे असते. क्रीममध्ये पाणी आले की बुरशी आणि जंतू वाढतात. म्हणून भारतीय मानकानुसार एका ग्रॅममध्ये 1000 पेक्षा जास्त जंतू चालत नाहीत. क्रीम 45 अंश तापमानात 48 तास ठेवून तेल-पाणी फुटते का, हेही पाहतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात तापमान 45 अंशांच्या पुढे जाते, त्यामुळे ही चाचणी आपल्याला पुस्तकी वाटायला नको. शिसे आणि आर्सेनिकही मोजले जाते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारतात 2014 पासून बंदी आहे.

चाचणी टाळली की काय होते, ते अकोल्यात दिसले. तिथल्या एका घरातील आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी 2023 मध्ये आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. नियमाप्रमाणे क्रीममध्ये दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त पारा नको. काही क्रीममध्ये स्टेरॉइडही असते. त्याने सुरुवातीला चेहरा उजळतो, नंतर कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येते. म्हणूनच 2018 मध्ये कातडीला लावायची अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली.

शाळेत आम्ही मुलींना डबीची मागची बाजू वाचायला सांगतो. उत्पादकाचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत, यांतले काही नसेल तर डबी दुकानातच ठेवावी. पार्लरमध्ये बिनानावाच्या डबीतून मिळणारे क्रीम तर घेऊच नये. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर थोडेसे लावून पाहावे. खाज किंवा पुरळ आले तर बंद करावे. ज्या झाडांचा औषधी गुण आपण सांगतो, त्यांचाही कुणाकुणाला त्रास होतोच.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. टोळीचे तेल टाचेची भेग भरते, ओठांचा कोरडेपणा घालवते. सावळा रंग मात्र आजार नाही, त्यावर औषधही नको. मुलगी सावळी आहे म्हणून रिश्ता अडत असेल, तर तो प्रश्न तिच्या कातडीचा नाही. पाहायला येणाऱ्यांच्या नजरेचा आहे.