कळलावी
कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही आफ्रिका तसेच दक्षिण व आग्नेय आशियात आढळणारी कंदयुक्त, बहुवर्षायू वेल आहे. पूर्वी तिचा समावेश लिलीच्या कुलात (लिलिएसी) होत असे. आता ती कोल्चिकेसी कुलात गणली जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किनारपट्टीसह सर्वत्र ती कुंपणे, गडगे व झुडपांच्या आधाराने वाढते. या वनस्पतीचे सर्व भाग विषारी असून कंद सर्वाधिक धोकादायक असतो. ती झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल व तमिळनाडूचे राज्यफूल आहे.

नावे
नांगरासारख्या कंदामुळे संस्कृतात तिला 'लांगली' व ज्वालेसारख्या फुलांमुळे 'अग्निशिखा' म्हणतात. प्रसूतीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून कंदाचा लेप लावण्याच्या जुन्या प्रथेवरून 'कळलावी' हे नाव पडले. तिला 'खड्यानाग' व 'बचनाग' असेही म्हणतात. मात्र हिमालयातील बचनाग ही वेगळी विषारी वनस्पती आहे.

वर्णन
पावसाळ्याच्या आरंभी कंदातून कोंब फुटतो. पानांची टोके तणाव्यासारखी वळून आधाराला पकडतात. फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या असतात; त्या प्रथम हिरवट, नंतर पिवळ्या व शेवटी लाल होतात. पावसाळा संपल्यावर वेल वाळते आणि कोरड्या ऋतूत कंद जमिनीखाली सुप्त राहतो.

लागवड
पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन व चढण्यासाठी आधार आवश्यक असतो. कंद पावसाळ्याच्या सुरुवातीस लावतात. कंदाच्या टोकाशी असलेला डोळा मोडल्यास तो रुजत नाही. बियांपासूनही रोपे होतात, परंतु त्यांना फुले येण्यास काही वर्षे लागतात. तमिळनाडूत औषधी बियांसाठी या वेलीची शेती केली जाते. रानातील कंद खणून काढल्यास मूळ वेलच नष्ट होते.

उपयोग
सिंधुदुर्गात गणेशोत्सवात माटवीला रानातील फुले व फळे बांधतात. त्याच सुमारास ही वेल फुलते व काही ठिकाणी तिची फुलेही वापरतात. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत असून शोधनाशिवाय ती वापरत नाहीत. बिया व कंदातील कोल्चिसिन हे द्रव्य आधुनिक वैद्यकात गाउट या सांधेविकारावर दिले जाते. ते पेशीविभाजन रोखते; म्हणून वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

विषबाधा
औषधी गुण व विषारीपणा एकाच द्रव्यामुळे असून उपयुक्त व घातक मात्रांमधील अंतर अल्प असते. कोकणात कणगीचे कंद खाल्ले जातात. दोन्ही वेली पावसाळ्यानंतर वाळत असल्याने खणताना पाने व फुले पाहून ओळख पटवता येत नाही. त्यामुळे कळलावी खाद्यकंदांजवळ लावू नये. सेवनानंतर काही तासांत उलट्या, जुलाब व पोटदुखी सुरू होते. पुढे मूत्रपिंड, अस्थिमज्जा व हृदयावर परिणाम होऊन मृत्यू संभवतो. प्रसूतीसाठी वा अन्य कारणासाठी तिचा घरगुती वापर टाळावा. कंद खाल्ल्याची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.