मनाचा आजार आणि हाताचे अक्षर

एखाद्याचे अक्षर बिघडले की आपल्याकडे पहिला शेरा ठरलेला असतो : "लक्ष नाही, दुसरे काय!" मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला तर याहून कडू शेरे येतात. घरचे त्याला आळशी म्हणतात, बँकेतला कारकून सही जुळत नाही म्हणून स्लिप परत करतो आणि तो माणूस हळूहळू पेन हातात धरणेच सोडून देतो. म्हणून आज या विषयावर थोडे लिहितो.

लिहिणे हे आपल्याला वाटते तितके सोपे काम नाही. विचार सुचावा लागतो, तो वाक्य पूर्ण होईपर्यंत लक्षात ठेवावा लागतो, शब्दांचा क्रम लावावा लागतो आणि शेवटी बोटांनी ते कागदावर उतरवावे लागते. या साखळीतली एक कडी सैल झाली तरी लिखाण अडते.

उदासीनतेच्या आजारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, विचारांचा आणि हालचालींचा वेग मंदावतो. मुलाला उत्तर येत असते, पण तीन तासांत अर्धाच पेपर लिहून होतो. उन्मादाच्या आजारात उलट घडते. माणूस रात्र रात्र जागून पानेच्या पाने भरतो. स्किझोफ्रेनियामध्ये एका वाक्याचा दुसऱ्याशी सांधा तुटू शकतो. मंत्रचळाच्या आजारात एकच ओळ बरोबर वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा खोडून लिहिली जाते. काहींचे घरी अक्षर उत्तम असते, पण चारचौघांसमोर सही करायची वेळ आली की हात थरथरतो. हा चिंतेचा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो.

दुसरे कारण औषधांचे. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ मनोविकारतज्ज्ञांचे हॅलोपेरिडॉल घेत होते. पेन्शनच्या स्लिपवरची त्यांची सही दोनदा परत आली. पत्नी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्यांना आता सहीसुद्धा येईना. आजार वाढला का हो?" मी घरातली हिशेबाची वही आणायला सांगितली. जुन्या पानांवर ठसठशीत अक्षर, नव्या पानांवर ओळ पुढे सरकेल तसे बारीक होत गेलेले. डोस वाढवल्याची तारीख आणि अक्षर बदलल्याची तारीख जवळजवळ एकच निघाली. चिठ्ठी देऊन त्यांना तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी औषध बदलले आणि काही आठवड्यांत सही बरीचशी पूर्वीसारखी झाली. आजार वाढलेला नव्हता. या गटातल्या औषधांनी स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते आणि अक्षर लहान होते. हाझे नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी तर औषधाची मात्रा ठरवण्यासाठी रुग्णाचे हस्ताक्षरच तपासण्याची पद्धत सुचवली होती.

लिथियम आणि व्हॅल्प्रोएट या औषधांनी हाताला बारीक कंप येऊ शकतो. तो सहसा धोक्याचा नसतो, पण डॉक्टरांना सांगावा. मात्र लिथियम घेणाऱ्याचा कंप एकाएकी वाढला, सोबत उलट्या-जुलाब, अडखळते बोलणे किंवा झोकांड्या सुरू झाल्या, तर रक्तातले लिथियम वाढले असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढचा डोस न देता लगेच रुग्णालय गाठावे. उन्हाळ्यात किंवा उपासाला पाणी कमी पडले, जुलाब झाले, किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेतली तर हा धोका वाढतो. एवढा एक प्रसंग सोडला तर अक्षर बिघडले म्हणून कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. आजार उलटतो आणि मग लिहिण्याहून मोठे प्रश्न उभे राहतात.

इतर सर्व कामे ठीक, पण लिहायला घेतले की बोटे वळतात, पेन घट्ट आवळले जाते, असा त्रास असेल तर तो 'लेखकाचा पेटका' असू शकतो. पूर्वी याला मनाचा खेळ समजत. तो मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणाचा दोष आहे, हे आता माहीत आहे. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

घरच्यांनी काय करावे? जाड पकडीचे पेन आणि दुरेघी वही द्यावी. रोज चार-पाच ओळीच, त्याही तारीख घालून लिहायला सांगावे. ही वही तपासणीला सोबत आणावी, डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो. अक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. सही बदलली असेल तर बँकेत नवा नमुना द्यावा. आजारपणामुळे सही करताच येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय बँकांत असते, साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. लिहिण्याची अडचण असलेल्या परीक्षार्थींना नियमांनुसार लेखनिक किंवा जादा वेळ मिळू शकतो. प्रमाणपत्राची धावपळ परीक्षेच्या तोंडावर न करता आधीच करावी.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. वहीत निरवानिरवीची भाषा दिसली, "माझ्यामागे असे करा" अशा ओळी सापडल्या, तर रागावू नका आणि दुर्लक्षही करू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, सरळ विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 2022 पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. तो घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.