उदासी म्हणजे वार्धक्य नव्हे

कामगार संघटनेच्या कचेरीत निवृत्त मंडळी येतात ती बहुधा फंडाच्या किंवा पेन्शनच्या कागदासाठी. कागदाचे काम उरकते, पण माणूस उठत नाही. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, कशातच राम वाटत नाही, असे हळूच सांगू लागतो. घरचे म्हणतात, "वय झाले, चालायचेच!" या 'चालायचेच'विरुद्ध आम्हांला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे, शाळाही फार शिकलो नाही. जाणत्यांना विचारून आणि वाचून जे उमगले तेवढेच सांगतो.

दुःख वेगळे आणि उदासीचा आजार वेगळा. जोडीदार गेला, मुले परगावी गेली, तर दुःख होणारच. पण दुःखी माणूसही नातवंडाच्या बोबड्या बोलाने घटकाभर खुलतो. आजारात बहुधा तसे होत नाही. दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसातला बहुतेक वेळ मन खिन्न राहिले किंवा आवडीच्या गोष्टींवरून उडाले, सोबत झोप, भूक व ताकद बिघडली, आपण घराला भार झालो असे वाटू लागले, तर तो आजार समजून डॉक्टरला दाखवावे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. 'मन उदास आहे' असे ते क्वचितच म्हणतात. पाठ दुखते, पोटात गोळा येतो, आठवत नाही, अशा तक्रारींआड हा आजार लपून बसतो.

निवृत्तीनंतर असे का व्हावे? पाळी, हजेरी, जेवणाची सुट्टी यांनी कामगाराच्या दिवसाला चौकट दिलेली असते. ती एका दिवसात निघते. पगार तुटतो हे खरेच. पण 'काल खाडा का केलास?' असे विचारणारा कोणी उरत नाही, हे अधिक लागते. बाईमाणसाला तर निवृत्तीचा कागदही मिळत नाही. घरातला तिचा अधिकार मात्र नकळत दुसऱ्या हाती जातो. मग एक दुष्टचक्र सुरू होते. मन लागत नाही म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही. बाहेर पडत नाही म्हणून मनाला उभारी देणारे काही घडत नाही. आणि मन आणखी खचते.

हे चक्र तोडावयाचे तर उत्साहाची वाट पाहून चालणार नाही. कृती आधी, उत्साह मागून. ठरल्या वेळी उठावे, सकाळच्या उन्हात दहा मिनिटे चालावे, रोज एका माणसाशी बोलावे, कोणाच्या तरी उपयोगाचे एक लहान काम अंगावर घ्यावे. मोठी अडचण असेल तर तिचे तुकडे पाडून आज सुटेल तेवढा एकच तुकडा हाती घ्यावा. मागणीपत्रातील सर्व मागण्या एका बैठकीत सुटत नाहीत, हे कामगाराला सांगावयास नकोच.

ही नुसती उपदेशाची भाषा नव्हे. गोव्यात उदासीची थोडी लक्षणे असलेल्या, साठी ओलांडलेल्या १८१ जणांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ९१ जणांना अडचणी कशा सोडवाव्या, झोप कशी सुधारावी आणि आपली प्रकृती कशी सांभाळावी हे शिकविले. शिकविणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. वर्षभरात त्या ९१ जणांपैकी चौघांना मोठ्या उदासीने गाठले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० जणांपैकी तेरा जणांना.

तथापि आजार जडलाच तर केवळ चालण्या-बोलण्यावर विसंबू नये. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, कधी दुसऱ्याच आजाराची औषधे, हीही कारणे असतात; ती तपासून घ्यावी. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. चार दिवसांत त्या टाकू नयेत, आणि बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी किंवा दारू हा तर उपाय नव्हेच.

'जगून काय करू?' असे कोणी म्हणाले तर हसण्यावारी नेऊ नका. जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट माणसाचे ओझे हलके होते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नका, औषधांचा साठा व विषारी वस्तू हाताशी ठेवू नका आणि त्वरित डॉक्टर गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य उपलब्ध आहे.

शेवटी आमच्या सोबत्यांना एक मागणे आहे. निवृत्तीबरोबर माणसाचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावरून जाते, ते संघटनेच्या वहीतून जाऊ देऊ नका. दर शाखेने निवृत्तांची यादी करावी, आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या दारी कोणी तरी जावे, आणि जो चार दिवस दिसला नाही त्याला विचारावे, "काय हो, खाडा का केलात?"