मुलांचा छोटासा चातुर्मास

लोणावळ्याच्या उत्तरेस, डोंगराच्या कुशीत तुंगार्ली वसली आहे. आषाढ लागला की येथील ढग डोंगर सोडून थेट अंगणात उतरतात. समोरचे झाड दिसेनासे होते आणि छपरावरच्या पावसाचा आवाज दिवसभर थांबत नाही. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी पटींनी मोठे आहे. शनिवारी दुकान लवकर आवरून कुटुंब हौसेने येथील घरी येते, रविवारची सकाळ उजाडते आणि नऊ-दहाच्या सुमारास घरातील चार वर्षांची कन्या व आठ वर्षांचा चिरंजीव एकाच सुरात विचारतात, ‘‘आता काय करायचं?’’

या प्रश्नाला बहुतेक घरांत दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर म्हणजे मोबाईल. मुले तत्काळ शांत होतात, पण तो काढून घेताना घरात जे रडे माजते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या बालकांनी दिवसातून एका तासापेक्षा अधिक काळ पडद्यासमोर बसू नये. त्याहून कमी वेळ बसणे अधिक चांगले.

दुसरे उत्तर अधिक मोहक आणि अधिक धोक्याचे आहे. ‘‘चला, धबधब्यावर जाऊ!’’ ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. डोंगरमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही क्षणांत ओढ्याला पूर आणतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. घोट्याएवढे दिसणारे पाणी पाहता पाहता कमरेला लागते. अशा दिवशी मुलांना घरी ठेवणे म्हणजे त्यांच्या आनंदाला मुकणे नव्हे.

थांबणे ही शिक्षा नव्हे

पावसात थांबण्याला जैन परंपरेइतका मान क्वचितच कोठे मिळाला असेल. वर्षभर पायी विहार करणारे साधू-साध्वी चातुर्मासात एका ठिकाणी राहतात, कारण ओलाव्याने भूमीवर असंख्य जीव उत्पन्न होतात व चालताना त्यांची हिंसा घडते. मात्र हा स्थिरवास रिकामा नसतो. स्वाध्याय, प्रवचन आणि आराधना यांनी तो भरलेला असतो. मुलांना हे जरूर सांगावे: ‘‘पाऊस आहे म्हणून महाराजसाहेबही थांबले आहेत. आपणही आज थांबू.’’ मात्र त्यानंतर त्यांचा दिवस भरण्याचे काम मोठ्यांचे असते. मुले कंटाळतात ती खेळणी नसल्यामुळे नव्हे. आपल्यासोबत कोणी नाही, म्हणून ती कंटाळतात.

चार साप, चार शिड्या

आज बाजारात मिळणारा सापशिडीचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाला; परंतु त्याचे मूळ भारतातील ज्ञानचौपडात आहे. महाराष्ट्रात तो मोक्षपट म्हणून ओळखला गेला. जैन परंपरेत त्याचे स्वतंत्र पट तयार झाले. वरच्या टोकास सिद्धशिला, खाली नरकगती आणि मधल्या घरांतून जीवाचा चढ-उतार, अशी त्यांची रचना असे. कापडावर रंगविलेला एकोणिसाव्या शतकातील असा एक जैन पट दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

असा पट घरी करणे कठीण नाही. जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ घेऊन तिच्यावर सात ओळींत सात-सात, अशी एकोणपन्नास घरे आखावीत. साप चारच असावेत: क्रोध, मान, माया आणि लोभ. शिड्याही चारच असाव्यात: क्षमा, मार्दव म्हणजे नम्रता, आर्जव म्हणजे सरळपणा, आणि संतोष. कोणता साप कोठे ठेवायचा, हे मुलांनीच ठरवावे. ‘‘दादाने पेन्सिल हिसकावली, तो कोणता साप?’’ असा प्रश्न एकदा निघाला की कषायांचा पाठ वेगळा द्यावा लागत नाही. सहा कवड्या टाकाव्यात आणि जितक्या उताण्या पडतील तितकी घरे पुढे जावे. आखण्यात व रंगविण्यातच सकाळ सरते. पुढे खेळताना धाकटीला साप गिळतो आणि ती पट उधळायला निघते. तेव्हा आजीने हळूच म्हणावे, ‘‘कवडी कशी पडेल ते आपल्या हाती नाही, पण पडल्यावर रुसायचं की हसायचं, ते आपल्या हाती आहे.’’ बाजारातील तेजी-मंदी पाहिलेल्या घराला हे वाक्य नवे नाही.

घरातली पेढी

दुपारी दुकान मांडावे. तूर, मूग, हरभरा, गूळ आणि शेंगदाणे वाट्यांत ठेवावेत व स्वयंपाकघरातील वजनकाटा मधोमध ठेवावा. बटणे हे चलन समजावे. थोरल्याने वहीत जमा आणि नावे लिहावे, धाकटीने डाळी वेगळ्या कराव्यात, आजोबांनी घासाघीस करणारे गिऱ्हाईक व्हावे. पेढी बंद करताना बटणांचा आणि वहीचा मेळ बसलाच पाहिजे. कमी-जास्त मापाने देणे-घेणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. काट्याची दांडी सरळ आहे ना, हे पाहण्याची सवय लावण्यास आठ वर्षांचे वय योग्य आहे. दुकान उठल्यावर त्याच गूळ-शेंगदाण्यांची चिक्की आईने करावी. लोणावळ्यात असल्याचे सार्थक होते! एक दक्षता मात्र हवी. चार-पाच वर्षांखालील बालकांच्या हाती अख्खे दाणे किंवा कवड्या एकट्याने देऊ नयेत, कारण त्या घशात अडकतात.

पाऊस मोजणे, जीव पाहणे

पावसालाही घरातल्या कामात सामील करून घेता येते. सरळ बाजूंची काचेची बरणी उघड्या गच्चीत ठेवावी. किडे पडू नयेत म्हणून तिच्या तोंडावर विरळ जाळी बांधावी. हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते. मुलांनीही त्याच वेळी पट्टीने उंची मोजून वहीत लिहावी आणि ते पाणी झाडाला घालावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हा हिशेब समजला की थोरला संपूर्ण गच्चीचे गणित मांडू लागतो.

ओसरीत बसून जीव पाहावेत. फरशीवरून जाणारी गोगलगाय, स्पर्श होताच गोल वळून नाण्यासारखा पडणारा पैसा नावाचा किडा, पंख गाळणाऱ्या मुंग्या, असे कितीतरी जीव दिसतात. नियम एकच ठेवावा: पाहायचे, मोजायचे, चित्र काढायचे, हात लावायचा नाही. वाटेत असलेला जीव मोरपिसाने किंवा मऊ कागदावर अलगद घेऊन कडेला ठेवायचा. जीवदया हा शब्द शिकविण्याआधी ती हाताला कळलेली बरी.

ढगांमुळे तुंगार्लीत संध्याकाळ लवकर दाटते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, वडीलधारी माणसे प्रतिक्रमणास बसतात आणि मुलेही थोडा वेळ शेजारी येऊन बसतात. छपरावर पाऊस तसाच चालू असतो. झोपताना धाकटीचा प्रश्न पुन्हा येतो, पण शब्द बदललेले असतात. ‘‘उद्या पण पाऊस असेल ना?’’