गाडी ओढत नाही : टर्बो, बूस्ट आणि फेरफार केलेल्या ट्रकचे कोड

आज ज्या तक्रारीबद्दल बोलायचं आहे ती पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या गॅरेजांना नवी नाही. गाडी ओढत नाही, काळा धूर मारते आणि चेकलाइट लागते. धाटावच्या एमआयडीसीतून भरून निघालेला ट्रक सपाटीला नीट चालतो. कोलाड सोडून सुकेळी खिंडीच्या चढाला लागला की गिअर खाली, खाली, अजून खाली. नागोठण्याला उतरेपर्यंत ड्रायव्हरचा मालकाला फोन झालेला असतो आणि मालकाचं निदानही झालेलं असतं : टर्बो गेला.

कधी कधी तो खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा चांगला टर्बो उतरवला जातो, दुसरा बसतो, आणि पुढच्या खेपेला त्याच खिंडीत तीच रड. हप्त्यावर चालणाऱ्या गाडीला हा फटका सहन होणारा नसतो. गाडीत कुणी आधी ‘पंप वाढवून’ किंवा चिप बसवून ठेवली असेल तर स्कॅनरवरचा कोडसुद्धा दिशाभूल करतो. तो का करतो, हे आज समजून घेऊ.

सुरुवात हवेपासून करू. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण बारा किलो हवा लागते. बारा किलो म्हणजे आपल्याकडच्या तापमानाला सुमारे दहा हजार लिटर. धूर होऊ नये म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच द्यावी लागते. ताकद डिझेलमधून येते खरी, पण किती डिझेल जाळता येईल ते हवा ठरवते. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं ती हीच : सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूनं एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं हवा दाबून इंजिनात भरायची. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत इंटरकूलर.

आता यातली मेख बघा. टर्बोला फिरवतं कोण? जळलेलं डिझेल. म्हणजे जास्त डिझेलला जास्त हवा हवी, आणि जास्त हवेला आधी जास्त डिझेल जळायला हवं. दोघांचे पाय एकमेकांत अडकलेले आहेत. डिझेल फिल्टर चोंदला, तर डिझेल कमी, एक्झॉस्टची ऊर्जा कमी, टर्बोचा वेग कमी आणि बूस्ट कमी. स्कॅनर म्हणेल ‘बूस्ट कमी’. ते खरंच आहे! पण बिघाड टर्बोत नाहीच. म्हणून बूस्ट कमी असेल तेव्हा धुराचा रंग आधी विचारा. दम नाही आणि काळा धूर भरपूर, तर डिझेल मिळतंय, हवा कमी पडतेय. दम नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच्या बाजूला बघा. स्कॅनर न लावता एवढं तरी कळतं. (बीएस-६ गाडीत डीपीएफ धूर अडवतो, तिथं ही खूण चालत नाही.)

आता कोड. मोठ्या गाड्यांत बहुधा दोन आकड्यांची जोडी येते, एसपीएन आणि एफएमआय. पहिला सांगतो कुठे, दुसरा सांगतो काय. एसपीएन १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचा दाब, आपला बूस्ट. त्यापुढे एफएमआय १८ असेल तर दाब अपेक्षेपेक्षा कमी, १६ असेल तर जास्त. पण ३ किंवा ४ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ईसीएम सेन्सरच्या वायरवरच्या व्होल्टेजची तक्रार करतोय, हवेची नाही. पावसाळ्यात वडखळ-डोलवी बाजूला, खाडीच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कनेक्टरमधल्या पिना हिरव्या पडतात. त्यावर टर्बो बदलणं म्हणजे पाय दुखतो म्हणून चप्पल बदलणं. छोट्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये पी ०२९९ म्हणजे कमी बूस्ट, पी ०२३४ म्हणजे जास्त.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोड म्हणजे तुलना आहे. ईसीएमच्या आत कंपनीनं एक तक्ता भरलेला असतो : एवढे आरपीएम, एवढं डिझेल, तर बूस्ट एवढा हवा. प्रत्यक्ष दाब त्या तक्त्यापासून ठरावीक अंतराहून जास्त आणि ठरावीक वेळाहून जास्त सरकला, की दिवा लागतो. फेरफार केलेल्या गाडीत एक तर तो तक्ताच बदललेला असतो, नाहीतर ईसीएमपर्यंत जाणारा आकडा.

फेरफाराचे आपल्याकडे तीन-चार प्रकार दिसतात. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत मिस्त्री पंपाचा फुल लोडचा स्क्रू फिरवतो. अशा काही पंपांवर बूस्ट येईपर्यंत डिझेल रोखून धरणारी डायफ्रामची डबी असते, तिलाही हात लागतो. तिथं ईसीएम नाही, कोड नाही, फक्त धूर. कॉमन रेल आल्यावर चिपची डबी आली. ती रेलच्या प्रेशर सेन्सर आणि ईसीएमच्या मध्ये बसते आणि दाब आहे त्यापेक्षा कमी सांगते. ईसीएम बिचारा दाब वाढवतो, इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं. स्कॅनरवर समजा १२०० बार दिसतोय, तर रेलमध्ये खरा दाब त्याहून जास्त आहे. काही डब्या बूस्टच्या सेन्सरलाही असंच गप्प करतात. तिसरा प्रकार रीमॅपिंगचा, म्हणजे तक्ताच नवा. आणि चौथा, ईजीआरला पत्रा मारणं किंवा यूरिया बंद करणारी डबी जोडणं.

आमच्या मते यातली सगळ्यात वाईट अवस्था ती, जिथं कुठलाच कोड येत नाही. डिझेल वाढवलं, हवा होती तेवढीच राहिली, आणि सेन्सर खोटं बोलतोय. ईसीएमच्या लेखी सगळं आलबेल. इकडे पेणहून खोपोली करून बोरघाट चढताना एक्झॉस्टचं तापमान वर वर चाललंय. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन मिश्रधातूचा असतो आणि खालून ऑइलच्या फवाऱ्यानं थंड होतो म्हणून तगतो. पण ती मर्यादा घाटात किती वेळ ताणायची? म्हणून फेरफार केलेली गाडी चालवायचीच असा कुणाचा हट्ट असेल, तर टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर बसवा असं आम्ही सांगतो. दिव्यापेक्षा ते खरं बोलतं. डिझेल सोडून निव्वळ बूस्ट वाढवणाऱ्यांनाही सांगतो, की हेड गॅस्केट आणि टर्बोचा दांडा यांनाही सीमा आहेत. तो दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो.

मग तपासायचं कसं? पहिली पायरी फुकट आहे. चावी चालू, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब वाचा. पेण-रोहा समुद्रसपाटीजवळ आहे, तेव्हा तो १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. पुण्यात तो ९५ च्या आसपास दिसेल. इथं ७० किंवा १४० दिसला, तर सेन्सर, वायर किंवा मध्ये बसवलेली डबी यांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. आणि हा १०० म्हणजे बूस्ट शून्य, हे विसरू नका. २५० दिसला तर बूस्ट दीड बार. अडीच समजून पुष्कळ जण घाबरतात.

मग चिपची डबी काढून मूळ कनेक्टर जोडा. त्याशिवाय पुढचा एकही आकडा लिहू नका. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली नोंद वाचा : किती आरपीएमला, किती लोडला, गरम की थंड. एकदा पुसली की ही माहिती गेली.

त्यानंतर हवेची वाट. महामार्गाचं काम दहा वर्षांहून जास्त रखडलेलं, त्या धुळीनं एअर फिल्टर लवकर भरतो आणि पावसात त्याचा कागद भिजतो. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतच्या होज हातानं दाबून बघा. काहींचा आतला थर सुटून वाट अडवतो, बाहेरून होज नवीकोरी दिसते. दोन्ही तोंडं बंद करून, रेग्युलेटर लावून साधारण एक बार हवा भरा आणि साबणाचं पाणी टाका. तोंडावरची झाकणं पक्की बांधा आणि त्यांच्या समोर उभे राहू नका. बुडबुडे आले की बहुतेक वेळा काही शे रुपयांची क्लिप निघते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काजळीची रेघ असेल तर टर्बोला मिळणारा वायू तिथंच निसटतोय.

टर्बोला हात सगळ्यात शेवटी. इंजिन थंड असताना होज काढा, बोटानं चाक फिरवा. आडवी थोडी हालचाल चालते, कारण दांडा ऑइलच्या थरावर तरंगतो. पंखा घराला घासत असेल किंवा दांडा पुढेमागे हलत असेल तर टर्बो संपला. पण मग तो का संपला ते शोधा. ऑइलची बारीक नळी कार्बननं भरलेली असेल तर नवा टर्बोही तिथंच जाणार.

मघाशी चहाच्या वेळी यूरियाबद्दल विचारणा झाली. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत यूरिया संपला किंवा त्याच्या यंत्रणेत बिघाड झाला, की ईसीएम मुद्दाम ताकद कमी करतो. नियमच तसा आहे. डिझेल कमी दिलं की बूस्टही पडतो, आणि लोक पुन्हा टर्बोकडे बघतात. बंद करणारी डबी जोडली तर गाडी ओढते खरी. पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. पीयूसी निघाली म्हणून निर्धास्त राहू नका. डिझेलची ती चाचणी उभ्या गाडीवर, नुसता ॲक्सिलरेटर दाबून होते. लोडवरचा धूर तिथं दिसतच नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर गाडीखाली वाकतो तेव्हा त्याला डबी मात्र दिसते, आणि धाटावचा सॉल्व्हंटचा टँकर असेल तर प्रश्न फक्त विम्याचाही राहत नाही.

ट्रायलबद्दल सांगून थांबतो. दुरुस्तीनंतर रिकामी गाडी पेण फाट्यापर्यंत नेऊन आणायची आणि ‘झाली’ म्हणायचं, याला अर्थ नाही. हमरापूरहून गणपती घेऊन जाणारा टेम्पो जागा भरतो, वजन भरत नाही. असल्या हलक्या गाडीला टर्बो अर्धा मेला तरी पत्ता लागत नाही. डोलवीची कॉइल चढवली की लागतो. गाडी भरा, तीच सुकेळी खिंड घ्या, तोच गिअर धरा, शेजारी बसलेल्याला स्कॅनर द्या. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट हे दोन आकडे चढाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत रेकॉर्ड करा. ते सोबत चालले तर मालकाला गाडी द्या.